तोंड मिटून न येणारं क्रियापद

पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या खिडकीपाशी बसून, ओल लागून चिकटलेली एका कोशाची पानं सुटी करत होतो.

"साहेब, परदेशी दिसतंय," पोस्टमन कांबळे म्हणाले. "कुठलं हो?"

"स्पेनचं."

"तिथं कोण तुमचं?"

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि तसं म्हटल्याबद्दल मला लगेच वाईट वाटलं.

पत्र एका पानाचं होतं. पिलार नावाच्या बाईनं ते स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, आणि मला समजावं म्हणून अक्षरं शाळेतल्यासारखी सुटी काढली होती. प्रकृती, हवापाणी, कुमुदवहिनींच्या हातची आमटी, आणि मग शेवटी:

'त्या दिवशी उस्ताद असं का म्हणाले? माझं नेमकं कुठे चुकलं? तुम्ही शब्दाला शब्द लावता, काही लपवत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. नाताळापर्यंत मला भावाला उत्तर द्यायचं आहे.'

या पत्राला मी चौदा वर्षं उत्तर दिलं नाही.

मी मिरजेचा. एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मला स्पॅनिश यायचं म्हणजे काय यायचं, तर एका डॉक्टरांनी गाव सोडताना वाचनालयाला पुस्तकांची पेटी दिली होती, तिच्यात स्पॅनिश शिकवणारी दोन जुनी पुस्तकं आणि एक शब्दकोश निघाला. ती कुणी मागायला येणार नाही हे दिसत होतं. पुस्तकांची दया येऊन मी ती घरी नेली आणि बारा वर्षं रोज सकाळी अर्धा तास वाचली. बोललो मात्र एक वाक्यही नाही. बोलणार कुणाशी? आणि खरं सांगायचं तर मराठीतही मी फारसा बोलत नसे.

ही गोष्ट फक्त कुमुदला, माझ्या बायकोला, ठाऊक होती. ती तंबोऱ्याची तार बदलायला दस्तगीरचाचांच्या कारखान्यात गेली आणि तिथे बोलून बसली.

दस्तगीरचाचा सतारी आणि तंबोरे करायचे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, छताला टांगलेले भोपळे आणि सात-आठ कारागीर. त्यांचा मुलगा इलियास दुसऱ्याच दिवशी वाचनालयात हजर.

"मास्तर, अब्बांनी बोलावलंय." मी कधीच कुणाला शिकवलं नाही, पण त्या गल्लीत चष्मा लावणारा प्रत्येक जण मास्तर होता. "एक बाई आलीय स्पेनहून. गिटारी करती. तिला तंबोऱ्याची जवारी शिकायचीय. इंग्रजी तिलाबी येत नाही, आम्हालाबी येत नाही. वैनी म्हणाल्या, तुम्ही फाडफाड बोलता."

"फाडफाड?"

"त्यांनी तसंच सांगितलं."

घरी येऊन मी कुमुदला जाब विचारला. ती भाजी निवडत होती.

"बारा वर्षं घोकताय," ती म्हणाली. "मेल्यावर यमाशी बोलणार आहात का स्पॅनिशमध्ये?"

पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशी उभा राहून मनातल्या मनात वाक्य जुळवलं, तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणालो. पिलार तिशीतली, उंच, आखूड केसांची, बोटांवर वार आणि गोंदाचे डाग असलेली बाई होती. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्या पणजोबांसारखं बोलता." माझी पुस्तकं किती जुनी आहेत हे मला तेव्हा कळलं.

पण काम चालू झालं. जवारी हे तंबोऱ्यातलं सगळ्यात नाजूक काम. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीनं केसभर घासायची, तार चढवायची, ऐकायची, उतरवायची, पुन्हा घासायची. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. सगळं जमलं तर एकटी तार नुसती वाजत नाही, तिच्यातून सुरांचा झोत निघतो. धाग्याला कारागीर 'जीव' म्हणतात. हे काम चाचांनी घराबाहेरच्या कुणाला कधी दाखवलं नव्हतं. पिलारला का दाखवलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "एवढ्या लांबनं आली, तिला काय उंबऱ्यावरनं परत लावू?"

"मास्तर, तिला सांगा, कानस दाबू नको म्हणावं. दाबलं की मेलं."

मी सांगायचो.

"सांगा, डोळ्यानं बघू नको. कानानं घास."

तेही सांगायचो. शब्दाला शब्द. माझ्या पुटपुटत बोलण्याला कारागीर हसायचे, पण पिलारला हवं ते मिळत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी चाचांनी स्वतः घासलेला एक तंबोरा जुळवला आणि चारही तारा छेडल्या. पिलार डबा खात बसली होती. ती घास तसाच हातात धरून उठली. तिचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाली, "मे असोंब्रो."

मी खिशातली वही काढून लिहिलं: असोंब्रार्से, क्रियापद, आश्चर्यानं थक्क होणे. पुस्तकात ते मी वाचलं होतं, अर्थ माहीत होता, पण उच्चाराची खात्री नव्हती.

तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "हे क्रियापद वहीत येत नाही. म्हणा."

मी म्हणालो.

"छे! तुम्ही औषधाचं नाव सांगताय. तोंड उघडा. आधी थक्क व्हा, मग म्हणा."

"काय शिकवतीय?" चाचांनी विचारलं.

"आश्चर्य वाटणं, चाचा."

"मग वाटू द्या की! मास्तरांना आजवर कशाचं वाटलंय का, इलियास?"

"एकदा वाटलं होतं अब्बा. वैनींनी होकार दिला तेव्हा."

सगळे हसले. मीही हसलो, पण तोंड उघडलं नाही. मला आठ माणसांसमोर तोंड वासता येईना. त्या रात्रीपासून मी न्हाणीघरात नळ सोडून सराव करू लागलो. "आत कोण आहे तुमच्याबरोबर?" कुमुद बाहेरून विचारायची. "कुणी नाही." "मग एवढे चकित कशानं होताय?"

पिलार दोनदा आमच्याकडे जेवायला आली. दुसऱ्या वेळी कुमुद आत पोळ्या करत होती, तेव्हा पिलारनं मला आपली गोष्ट सांगितली. तिचे वडील ग्रानादात गिटारी करत. वर्षापूर्वी गेले. भावाचं म्हणणं, बाईला कारागिरी येते पण कान नसतो, तेव्हा दुकान बंद करून जागा विकावी. ती भांडली होती. पण रात्री तिलाच वाटायचं, भावाचं खरं असेल तर? वडील असेपर्यंत गिटारीचा शेवटचा हात तेच फिरवत. आपला कान आपला आहे की त्यांचा, हे तिला माहीतच नव्हतं.

"इथे मला कुणी ओळखत नाही," ती म्हणाली. "उस्तादांना माझे लाड करायचं कारण नाही. मी एक जवारी एकटीनं करणार. ते होय म्हणाले तर दुकान मी चालवीन. नाही म्हणाले तर सही करून टाकीन. तुम्ही मला फक्त खरं ते सांगा."

मी मान हलवली. एवढी जबाबदारी माझ्यावर कधी कुणी टाकली नव्हती. मला भीती वाटली आणि, लपवत नाही, थोडा अभिमानही वाटला.

अकराव्या दिवशी तिनं जवारी काढली. इलियासनं स्वतःची कानस बाजूला ठेवली. दुपारी तीनच्या सुमारास तिनं धागा सरकवला, किंचित मागे घेतला, आणि तंबोरा चाचांच्या पुढे केला.

चाचांनी डोळे मिटून खर्जाची तार छेडली. खोलीतली हवा भरली. दुसरं काय म्हणू? छताला टांगलेले भोपळेसुद्धा ऐकताहेत असं वाटलं. तार विझेपर्यंत चाचा हलले नाहीत. मग त्यांनी डोळे उघडले, तंबोरा बाजूला सारला आणि खेकसले:

"काय केलंय हे? चुलीत घाल."

आणि उठून मागच्या अंगणात गेले.

पिलार माझ्याकडे बघत होती. मी भाषांतर केलं. हे काय केलं आहेस, ते म्हणतात, चुलीत घाल. चूल हा शब्द मला चटकन आठवला, क्रियापदाचं रूपही अचूक आलं. त्या अकरा दिवसांतलं माझं सगळ्यात सफाईदार वाक्य तेच असावं.

तिचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात माझं लक्ष इतरांकडे गेलं. कुणी हसत नव्हतं, कुणी दुःखीही नव्हतं. म्हातारे बंदेनवाज कारागीर पुढे आले, त्यांनी तंबोऱ्याच्या भोपळ्याला बोट लावून ते स्वतःच्या डोळ्यांना लावलं. इलियास माझ्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, हिचं नशीब बघा. मला अठरा वर्षांत एकदाबी चुलीत घातलं नाही."

आणि मग मला आठवलं. गल्लीतल्या प्रत्येकाला जे माहीत होतं ते मलाही माहीत होतं. चांगल्या वाद्याला चाचा चांगलं म्हणत नसत. नजर लागते म्हणून. साधारण कामाला 'बरं आहे', त्याहून बऱ्याला नाक मुरडणं, आणि जे कानाला स्वप्नातल्यासारखं वाटेल त्याला शिवी. त्यांच्या वडिलांपासून ही रीत होती. बाळाला तीट लावतात तशी ते वाद्याला शिवी लावत.

पिलार अजून माझ्याकडेच बघत होती. मी काही म्हणतो का, याची वाट बघत होती. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. शब्द तयार होता. न्हाणीघरात मी तो शंभरदा म्हटला होता. फक्त तोंड उघडायचं, चाचांना काय झालं होतं ते स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचं आणि म्हणायचं. मनात आलं, आत्ता नको. एवढ्या माणसांत चुकलं तर? संध्याकाळी घरी सविस्तर सांगू, रीत समजावून, नीट वाक्यं जुळवून.

मी मान खाली घातली.

तिनं तिच्या कानशी गोळा केल्या. मोडक्या मराठीत इलियासला "येते" म्हणाली. माझ्यासमोर क्षणभर थांबली, माझा हात दाबला आणि म्हणाली, "खरं सांगितलंत. आभार."

पाच वाजता मी वाक्यं लिहून, ती उतरली होती त्या लॉजवर गेलो. मॅनेजर म्हणाला, "बाईंनी खोली सोडली. मुंबईच्या गाडीला गेल्या." मी स्टेशनकडे धावलो. मिरजेचं स्टेशन लहान नाही. पुलावर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता.

चार महिन्यांनी ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात नजर म्हणजे काय हे समजावता समजावता मूळ गोष्ट राहून गेली. दुसऱ्यात माझी क्षमायाचना इतकी लांबली की ती तिच्याबद्दलचं पत्र वाटेना. मग कोशात 'थक्क होणे' याला चार क्रियापदं सापडली आणि चाचांना नेमकं कुठलं लागू पडेल यावर मी पंधरा दिवस घालवले. हो, तिनं जे तोंडानं शिकवलं होतं त्यावरही माझा विश्वास उरला नव्हता.

"दोन ओळी लिहा," कुमुद म्हणायची. "पोरीनं चांगलं केलं होतं, मी सांगितलं नाही, माफ कर."

"असं कसं लिहिता येईल?"

"हातानं."

नाताळ उलटला. त्यानंतर लिहिणं म्हणजे तिची सही होऊन गेल्यावर लिहिणं. आता लिहून तिला आणखी दुखवायचं कशाला, असं मी स्वतःला पटवलं. भित्र्या माणसाला दयाळू दिसणारी कारणं पटकन सुचतात. मी ते पत्र कपाटात ठेवलं आणि कारखान्याच्या गल्लीतून जाणं सोडलं. कुमुदचा तंबोरा ती स्वतःच नेऊन आणायची.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी इलियास घरी आला. डोक्याचे केस पांढरे झाले होते.

"अब्बा अंथरुणाला आहेत. तुमची आठवण काढत्यात."

चाचा खिडकीपाशी खाटेवर पडले होते. कान जवळजवळ गेले होते. मोठ्यानं बोलावं लागायचं, ज्याचा मला सराव नव्हता. खाटेच्या वर भिंतीला एक तंबोरा टांगलेला होता. मी ओळखला.

"इकला नाही," चाचा म्हणाले. "लई गिऱ्हाईकं आली. मास्तर, त्या पोरीचं पत्र येतं का? दुकान कसं चाललंय तिचं?"

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो.

"आं? मोठ्यानं बोला."

"चाचा, मी तिला सांगितलं नाही," मी ओरडून म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "तुम्ही चुलीत घाल म्हणालात. मी तेवढंच सांगितलं. त्याचा अर्थ नाही सांगितला. ती तशीच निघून गेली. तिनं पत्र पाठवून विचारलं, तरी नाही सांगितलं."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "पोरगी चौदा वर्षं चुलीतच हाय?"

इलियास दाराशी उभा होता. मग चाचा कोपरावर उठायला लागले. इलियासनं पाठीशी उशी दिली.

"चूक तुमची एकट्याची न्हाई मास्तर. मला वाटलं, वाद्याला नजर लागंल. माणसाला काय लागंल ते बघितलंच न्हाई. कागद हाय का?"

होता. माझ्या खिशात कागद नेहमी असतो.

"लिवा. तार छेडली तवा मला माझा बा समोर दिसला. असं माझ्या हातनं आख्ख्या जन्मात दोनदा झालं. तिचं पयल्या खेपेला झालं. लिवा, चाचाचं तोंड उघडं पडलं व्हतं, म्हणून तो मागल्या अंगणात पळाला. चांगलं केलंस, लिवा. लई चांगलं केलंस."

"अब्बा!" इलियास म्हणाला. बापाच्या तोंडून हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता.

चाचांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एकोणपन्नास वर्षांचा मुलगा, उशी धरून उभा.

"तू बी," चाचा म्हणाले. "तू बी चांगलं करतोस. लई वर्सं झाली, करतोस."

इलियासनं उशी नीट केली, दोनदा केली, आणि तो तोंड धुवायला बाहेर गेला. नळ बराच वेळ चालू होता.

घरी येऊन मी बसलो. कोश काढला नाही. चाचांचे शब्द जसेच्या तसे स्पॅनिशमध्ये लिहिले, थक्क होण्यासाठी तिनंच शिकवलेलं क्रियापद वापरलं, आणि लिहिताना मी तोंड उघडून ते म्हटलं. कुमुदनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. त्याखाली मी लिहिलं: 'उस्तादांची रीत मला माहीत होती. लोकांसमोर तोंड उघडायची मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसलो. तुमच्या कानाचा यात काही दोष नव्हता. दुकान गेलं असेल तर ते माझ्यामुळे गेलं. हे पत्र पुष्कळ उशिरा येतं आहे, पण तुमचा कान तुमचा आहे, आणि तो अजून तुमच्याजवळ असेल.' पत्रात दोन चुका आहेत हे मला दिसलं. त्या तशाच ठेवल्या. दुरुस्त करायला घेतलं असतं तर मी पुन्हा मसुदेच लिहीत बसलो असतो.

कुमुद बरोबर आली. मी वाटेतून परत फिरेन अशी तिला शंका होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

पोस्टात खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट उलटसुलट केलं, पत्ता वाचायचा प्रयत्न केला. "ग्रा... ना... स्पेन ना? आत काय आहे आजोबा?"

"पत्र."

"साधं पाठवू की लवकर जायला पाहिजे?"

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. मागे रांगेत सहा-सात माणसं उभी होती.

"लवकर," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. "फार घाईचं आहे."

मुलीनं तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.